तापीखोऱ्यांतील उतारू गाडी आणि छायाचित्रकार

दोन वर्षांपूर्वीं नंदुरबारच्या एका शाळेच्या स्मरणिकेसाठीं मला एक लहानसें काम सांगण्यांत आलें. वाफेच्या इंजिनाची उतारू गाडी नंदुरबार स्टेशनांत उभी आहे, असें एखादें जुनें छायाचित्र मिळवून द्यावें, एवढेंच तें काम. मीं तें हंसत पत्करलें. ज्या गाडीनें आमच्या चार पिढ्या सुरतेस आणि भुसावळास, लग्नास आणि बाजारास, कोर्टांत आणि ऊसतोडणीस गेल्या, तिचें चित्र कोणाच्या तरी ट्रंकेंत असणारच, अशी माझी खात्री होती. सहा महिने मीं घरोघर विचारपूस केली. मुंजीचे फोटो मिळाले, सत्काराचे मिळाले, फलाटावर हार घालून उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचेही मिळाले. गाडीचा म्हणून काढलेला फोटो एकही मिळाला नाहीं. शेवटीं हातीं लागलें तें एका लग्नाच्या वऱ्हाडाचें छायाचित्र. त्यांत वऱ्हाडाच्या मागें अर्धा डबा आला आहे, आणि त्या डब्याच्या खिडकींतून एक म्हातारी बाहेर पाहते आहे.

ह्या अर्ध्या डब्यानें मला विचारांत पाडलें. आगगाडी आणि कॅमेरा ह्या दोन्ही वस्तू आपल्या प्रांतांत जवळजवळ जोडीनेंच आल्या. मग एकीनें दुसरीकडे इतकें दुर्लक्ष कां केलें, हें आज आपल्यापुढें मांडावें असें मनांत आहे.

बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. त्या समारंभाचें जें चित्र विलायतेंतील सचित्र साप्ताहिकांत आलें, तें हातानें काढून ठशावर कोरलेलें होतें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ ह्या नव्या विद्येंत नांव मिळवूं लागले. परंतु त्या काळची विद्या मोठी खडतर. कांचेवर रसायन ओतावयाचें, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वींच अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाची. प्रकाश कांचेवर उमटण्यास कांहीं सेकंद लागत. तेवढा वेळ डोंगर स्वस्थ राहतो, पूल स्वस्थ राहतो, साहेबही श्वास रोखून उभा राहतो. धांवती गाडी राहत नाहीं. त्या काळच्या चित्रांत गाडी दिसलीच तर ती बहुधा पुलावर मुद्दाम उभी केलेली असते. वेग हा जो आगगाडीचा खरा धर्म, तोच तेवढा चित्रांतून गळलेला!

भोर घाटाचेंच उदाहरण घ्या. सुमारें १६ मैलांची चढण, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे, आणि काम ऐन भरांत असतांना ४० हजारांहून अधिक मजूर. १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार विलायतेहून ह्या कामावर आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें हातपाय न गाळतां अनुभवी इंजिनियर हाताशीं धरून ठेका पुढें चालविला. घाटाच्या बांधकामाचीं जीं जुनीं छायाचित्रें तिच्या नांवानें ओळखलीं जातात, तीं पाहतांना अंगावर कांटा येतो. तुटलेले कडे, अर्धवट उभ्या कमानी, आणि कड्याच्या पोटाशीं मुंग्यांएवढीं दिसणारीं माणसें. पटकीनें आणि अपघातानें तेथें किती तरी मजूर दगावले. १८६३ सालीं घाट खुला झाला. मग गाडी जेथें तोंड फिरवीत असे, त्या उलट्या स्टेशनाचीं चित्रें निघालीं आणि देशोदेशीं विकलीं गेलीं. १९२९ च्या सुमारास तें स्टेशन रद्द झालें. तरी त्याचें रूप आपण आज पाहूं शकतों, तें ह्या चित्रांमुळेंच. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, ह्या सर्व चित्रांचा नायक पूल आहे, बोगदा आहे, इंजिनियराची करामत आहे. डब्यांत बसून जाणारा माणूस त्यांत नाहीं.

पुढें विद्या सुधारली. कोरड्या कांचा आल्या, मग फिती आल्या. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांत एक चित्र फलाटावर येणाऱ्या आगगाडीचें होतें. धांवती गाडी चित्रांत धरतां येते, एवढेंच नव्हे तर ती पुन्हा धांववितां येते, हें मुंबईकरांनीं त्या दिवशीं पाहिलें. आणि १९०० सालीं अमेरिकेंत ईस्टमनच्या कंपनीनें एक डॉलर किंमतीचा ब्राउनी नांवाचा पेटी-कॅमेरा बाजारांत आणला. छायाचित्र काढणें ही गोष्ट त्या दिवसापासून पोरासोरांच्याही हातीं आली.

आतां योगायोग पाहा. त्याच सुमारास सुरतेकडून तापीच्या खोऱ्यानें खानदेशांत येणारी आमची तापी व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत पुरी झाली, आणि अमळनेरहून जळगांवास जोडली गेली. किलिक निक्सन ह्या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थेखालील ही कंपनी; गाड्या चालवी ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वे. छप्पन्नाच्या दुष्काळाचा तो काळ. लोखंडी रूळ आमच्या भागांत आले, तेव्हां शिवारांत दाणा नव्हता. म्हणजे स्वस्त कॅमेरा आणि आमची गाडी ह्यांचा जन्म एकाच मुहूर्तावर झाला. परंतु दोघांची गांठ कांहीं पडली नाहीं.

रस्ता मात्र नवा नव्हता. सतराव्या शतकांत झां बातिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे ज्या वाटेनें गेला, ती वाट बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर अशीच होती. नवापूरच्या तांदळाची त्यानें भारी तारीफ करून ठेवली आहे. दाणा लहान, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि कस्तुरीसारखा सुगंध. तांदळाविषयीं चार ओळी लिहिण्याची सवड त्या प्रवाशास झाली. पुढें ह्याच वाटेनें रोज जाणाऱ्या गाडीविषयीं तेवढीही आस्था कोणी दाखविली नाहीं, ह्याचें मला वाईट वाटतें.

चित्र घेण्याजोगें येथें कांहीं नव्हतें असें म्हणावें, तर तेंही खरें नाहीं. भोर घाटाचा थाट येथें नाहीं, हें कबूल. सोनगडाकडून गाडी नवापुरास येते तीच मुळीं साग आणि पळस ह्यांच्या रानांतून. नवापुरास रंगावली नदी आहे. तेथून चिंचपाडा, खांडबारा ही स्टेशनें घेत रूळ ईशान्येकडे वळतात. दोन्ही बाजूंस टेकड्या, मधून ओढे, भाताचीं खाचरें, मोहाचीं झाडें. फाल्गुनांत पळस फुलला म्हणजे गाडीच्या खिडक्यांस दोन्हीकडून शेंदरी झालर लावल्यासारखें दिसतें. नंदुरबार जवळ आलें कीं रान संपतें, काळी सपाट जमीन लागते, आणि उत्तरेस दूर सातपुड्याची निळी रेघ उमटते. हिवाळ्यांत गांवाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. एकरच्या एकर जमीन लाल होऊन जाते, आणि वारा त्या बाजूनें असला तर माणसें शिंकूं लागतात.

ह्या मार्गाचा एक गुण तर छायाचित्रकारानें मुद्दाम मागून घ्यावा असा आहे. रूळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. हिवाळ्यांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून नंदुरबारच्या पुढें रुळांच्या दक्षिणेस शेतांत उभें राहिलें कीं ऊन आपल्या पाठीवर, गाडीची बाजू उजेडांत, आणि तिच्या मागें सातपुडा! थंडीच्या सकाळीं इंजिनाची वाफ हवेंत चटकन् विरत नाहीं. पांढऱ्या पुंजक्यांनीं ती डब्यांच्या वर लोंबकळत राहते. उन्हाळ्यांत तीच वाफ दिसेनाशी होते आणि नुसता काळा धूर उरतो. जून महिन्यांत तर दुपारीं सूर्य डोक्यावर येऊन किंचित् उत्तरेकडेही सरकतो, कारण नंदुरबार कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेव्हां चित्रें घ्यावयाचीं तर मार्गशीर्ष ते माघ हेच महिने खरे. हें सर्व मला कोणीं शिकविलें नाहीं. भूगोल शिकवितां शिकवितां फळ्यावर सूर्याचीं स्थानें काढावीं लागत, त्यांतून तें सुचलें.

मग अडलें कोठें? एक अडचण हिशोबाची. ताशीं ३० मैल वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ४४ फूट जाते. सामान्य पेटी-कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती उघडी राहिली, तरी तेवढ्यांत गाडी सुमारें साडेदहा इंच पुढें सरकते. साहजिकच चित्रांत डबे पुसट होतात. गाडी अगदीं बाजूनें न टिपतां समोरून, जराशी तिरपी येतांना टिपली, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. परंतु हें सांगणारें माणूस आमच्याकडे कोण होतें? फितीही महाग. एका गुंडाळींत बारा चित्रें. त्यांतलें एक आगगाडीवर खर्च करण्यापेक्षां आजोबांचा फोटो काढावा, असें घरांत कोणीही म्हणेल, आणि त्याचें चुकलें असेंही म्हणवत नाहीं.

दुसरी अडचण कायद्याची. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्यानें रेल्वेसारखीं ठिकाणेंही निषिद्ध म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारास दिला. लढाया आल्या, स्वातंत्र्यानंतरही सीमेवर युद्धें झालीं, आणि रेल्वेच्या आवारांत कॅमेरा काढणें म्हणजे कांहीं तरी संशयास्पद करणें, अशी समजूत लोकांच्या आणि शिपायांच्या मनांत घट्ट बसली.

तिसरी अडचण मात्र मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती मनाची आहे. मेलगाडी पाहण्यास लोक थांबत. उतारू गाडीकडे कोण पाहणार? ती प्रत्येक स्टेशनावर थांबे, मेलगाडीस वाट देण्यासाठीं बाजूच्या रुळावर तासभर उभी राही, आणि तिच्यांत बसत ते गरीब लोक. पावसाळा सरला म्हणजे अक्कलकुवा, तळोदा, नवापूर ह्या भागांतले आदिवासी बायकापोरांसह, भांड्यांची गांठोडीं आणि कोंबड्या घेऊन, बारडोलीकडे ऊसतोडणीस जात. नवापूर, खांडबारा, नंदुरबार ह्या स्टेशनांच्या फलाटांवर त्यांच्या रात्री जात. आजही त्यांतले पुष्कळ जातात. आतां खटारे आणि मोटारीही त्यांस नेतात. आमच्या जिल्ह्याचा खरा इतिहास कोणी लिहूं लागला, तर हे फलाट त्यास वगळतां येणार नाहींत. ह्या जाण्यायेण्याचे आंकडे सरकारी कागदांत कांहीं तरी सांपडतील. चेहरे कोठें सांपडणार?

मी स्वतः ह्या बाबतींत निर्दोष नाहीं. १९८१ सालीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. एका स्नेह्याकडून बडोद्यास बनलेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आठवड्यापुरता मागून आणला, आणि पहिला प्रयोग एका लहानशा स्टेशनाच्या फलाटावर केला. कॅमेरा डोळ्यास लावतों न लावतों तोंच रेल्वेचा शिपाई शेजारीं येऊन उभा. "गुरुजी, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?" माणूस सभ्य होता, आमच्याच बोलींत बोलला. परवानगीचा कागद नसेल तर फलाटावर फोटो नको, एवढेंच त्यानें सांगितलें, आणि चहा पाजला. दुसऱ्या दिवशीं सातवीच्या चार मुलांना घेऊन मी खांडबाऱ्याच्या अलीकडे रुळांपासून दूर एका टेकाडावर जाऊन बसलों. गाडी तास-दीड तास उशिरां आली. तोंवर उन्हें उतरूं लागलीं होतीं. इंजिनाची शिटी ऐकतांच मुलें उठून नाचूं लागलीं, आणि मींही घाईघाईनें एकामागून एक कळ दाबीत सुटलों. फीत धुवून आल्यावर पाहिलें, तर बारांपैकीं नऊ चित्रांत करड्या पट्ट्याखेरीज कांहीं नव्हतें. दोन चित्रांत मुलांचे हात. राहिलेल्या एका चित्रांत गाडी निघून गेली आहे, धूर तेवढा झाडांवर रेंगाळतो आहे, आणि रुळांच्या कडेनें मोळी घेऊन चाललेली एक बाई स्पष्ट आली आहे. तिच्यासाठीं गाडीचें येणें-जाणें हें घड्याळ असावें. तिनें वळूनही पाहिलें नव्हतें. मला त्या वेळीं फार हिरमुसल्यासारखें झालें. चित्र मीं कोठें तरी ठेवून दिलें आणि पुन्हा कॅमेरा मागण्यास गेलों नाहीं. आज वाटतें, आणखी एक गुंडाळी आणावयास हवी होती.

कारण वाफेचें इंजिन फार दिवस राहिलें नाहीं. त्या शेवटच्या वर्षांत परदेशांतून लोक मुद्दाम हिंदुस्थानांत येत आणि इंजिनांचीं चित्रें घेत. त्यांच्या देशांत ती जात आधींच नामशेष झाली होती. आपल्या ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेची नित्याची वाहतूक १९९५ च्या अखेरीस संपली. पुढें १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. उधना ते जळगांव मार्गावर दुसरा रूळ पडला, विजेचे खांब उभे राहिले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें धुळ्याच्या समारंभांत तें काम राष्ट्रास अर्पण करण्यांत आलें. विजेच्या नव्या उतारू गाड्या ह्या मार्गावरून धांवूं लागल्या. प्रवाशांची सोय झाली ह्यांत शंका नाहीं. एकेरी रुळामुळें गाड्या तासन् तास कशा अडकत, हें ज्यांनीं भोगलें आहे त्यांनीं जुन्या दिवसांसाठीं उगाच उसासे टाकूं नयेत. छायाचित्रकारास मात्र आतां सातपुड्याच्या आणि आपल्या मधें खांबांची आणि तारांची रांग सोसावी लागते.

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. तरुण मंडळी गाड्यांचीं चित्रें हौसेनें घेतात आणि तीं उत्तम असतात. परंतु त्यांचा ओढा दूधसागराच्या धबधब्याकडे, कोंकण रेल्वेच्या उंच पुलांकडे आणि पावसाळ्यांतल्या भोर घाटाकडे. आमच्याकडे त्यांची पावलें वळलींच तर तीं नवापूर स्टेशनावर. १ मे १९६० रोजीं द्विभाषिक राज्य फुटलें आणि सीमा ह्या स्टेशनाच्या मधोमध गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजराथेंत! फलाटावरील एक बांक असें आहे कीं, त्यावर दोघे शेजारीं बसले तरी राज्यें दोन. त्या बांकाचीं जितकीं चित्रें निघतात, तितकीं त्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांचीं निघत नसावींत. चित्रापायीं रुळांवर उतरणाऱ्यांना मात्र मास्तर म्हणून एक दटावणी द्यावीशी वाटते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानें तो गुन्हा आहे, आणि कलम नसतें तरी गाडी कोणाची गय करीत नाहीं. शेतांतून, दुरून काढलेलें चित्रच पुष्कळदां अधिक चांगलें येतें.

आतां श्रोत्यांकडे माझें एक मागणें आहे. आपल्या घरच्या जुन्या फोटोंत आगगाडी शोधा. ती मधोमध नसेल. कोणाच्या तरी खांद्यामागें, कडेला, कापलेली असेल. तिच्यावरून सालाचा अंदाज कसा बांधावा, हें थोडक्यांत सांगतों. डब्यावर बी. बी. सी. आय. हीं अक्षरें असतील तर चित्र बहुधा १९५१ पूर्वींचें किंवा त्याच सुमाराचें, कारण त्या वर्षाच्या ५ नोव्हेंबरास पश्चिम रेल्वे स्थापन झाली. डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आंकडा असेल तर तें १९७४ नंतरचें नव्हे. त्या सालीं तिसरा वर्ग रद्द झाला. माणसें तींच राहिलीं, आंकडा तेवढा दोन झाला. सिग्नल लाकडी हाताचा आहे कीं रंगीत दिव्यांचा, रूळ एक कीं दोन, डोक्यावर तारा आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें. आणि फोटोच्या मागें पेन्सिलीनें गांव, साल, माणसांचीं नांवें आजच लिहून ठेवावीं. नांवें सांगणारीं माणसें फार दिवस थांबत नाहींत.

माझ्या त्या वऱ्हाडाच्या फोटोवर मींही भिंग धरलें. डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आंकडा आहे. त्याच्या वर पश्चिम रेल्वेचीं आद्याक्षरें अर्धीं दिसतात. म्हणजे १९५१ ते १९७४ च्या मधला काळ. नवरदेवाचे पुतणे हयात आहेत. त्यांनीं लग्न १९६६ च्या वैशाखांतलें असल्याचें सांगितलें. वऱ्हाडांतल्या एकूण एक माणसाचें नांव त्यांस ठाऊक आहे. खिडकींतली म्हातारी वऱ्हाडांतली नव्हे.

स्मरणिकेंत आम्हीं तोच फोटो छापला. वऱ्हाड कापलें आणि अर्धा डबा मोठा केला. खालीं मजकूर दिला: सुरत–भुसावळ उतारू गाडी, नंदुरबार स्टेशन, वैशाख, १९६६. खिडकींतील बाईंचें नांव कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावें. अद्याप कोणीं कळविलेलें नाहीं.